लाल गाडीची रास्त किंमत

१ मार्च, शनिवार

जाहिरात दिसली. लाल रंग, दोन दारं, सहा सिलिंडर, वय एकतीस. कॉलेजात असताना हिचा फोटो माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला होता. मागतायत नऊ लाख.

संकल्प: भावनेला थारा नाही. बावीस वर्षं ऑफिसच्या खरेदी विभागात काढली आहेत. खुर्च्या, पंखे, प्रिंटरची शाई, एकदा तर अख्खी लिफ्ट. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर जात नाही, पण भाव पाडून घेतला होता. लोक किंमत विचारतात, मी किंमत ठरवतो. जुन्या स्पोर्ट्स कारची रास्त किंमत हा शास्त्राचा विषय आहे.

बायकोला इतक्यात सांगायचं नाही. अभ्यास पूर्ण झाल्यावर.

२ मार्च, रविवार

गाडी पाहिली. गल्लीच्या टोकाचं घर, बाजूला गॅरेज. शटर निम्म्यावर अडकतं. मालकीणबाई साठीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. जाहिरात त्यांच्या दिरांनी दिली आहे. गाडी मुलाची होती, मुलगा आता नाही, एवढंच म्हणाल्या. मी योग्य तेवढं दुःख व्यक्त केलं. जास्त केलं तर सौदा बिघडतो.

बाई गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलतात.

चेहरा दगडासारखा ठेवला. नंतर लक्षात आलं की वीस मिनिटं बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. तरी त्या आपणहून म्हणाल्या, तुम्हाला सात सांगते.

मी एक शब्द बोललो नव्हतो. दोन लाख उतरले. याला म्हणतात वजन.

८ मार्च, शनिवार

लोहचुंबक घेऊन गेलो. पुढच्या भागावर घट्ट बसतं. दारापर्यंत घट्ट. दाराच्या मागे लावलं की घसरून पडतं. चारदा करून पाहिलं, चारदा पडलं.

निष्कर्ष: मागचा भाग खास हलक्या धातूचा आहे. वेगाच्या गाड्यांत वजन असंच वाचवतात. बाईंना बोललो नाही, उगाच भाव चढवायच्या.

निघताना त्या म्हणाल्या, पुढची बाजू माझ्या मुलाच्या गाडीची. मागची कुणाची, मला ठाऊक नाही.

काय म्हणायचं होतं कळलं नाही. दुःखात माणूस कविता करतो. मी मान डोलावली. मग म्हणाल्या, रस्त्यावर आणणार नसाल, सुटे भाग करून विकणार असाल, तर चारला न्या.

पुन्हा मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शब्द देणं नव्हे.

नऊचे चार, तेही आठवड्यात. ऑफिसमध्ये सांगायला हवं होतं. कुणी विचारलं नाही.

११ मार्च, मंगळवार

खात्रीसाठी मिस्तरींना नेलं. पस्तीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस. खाली शिरले ते बाहेरच येईनात. फक्त बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरताना दिसत होता. एका जागी थांबला आणि तिथेच राहिला.

बाहेर आल्यावर बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, साहेब, ही एक गाडी नाही. एकीचा मागचा भाग चेचला असणार, दुसरीचा पुढचा. दोन्ही मधोमध कापल्या आणि मागच्या सीटखाली वेल्डिंगने जोडल्या. जोडावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलाय. तुमचं लोहचुंबक म्हणूनच टिकत नाही.

मी विचारलं, म्हणजे एका किमतीत दोन गाड्या?

ते म्हणाले, दोन गाड्या नाहीत साहेब, दोन अपघात.

फी घेतली नाही. इथेच पाल चुकचुकली. फुकट सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा डोळा मालावर असतो. गिऱ्हाईक पळवून स्वतः घ्यायचा बेत दिसतो. मिस्तरींचं नाव यादीतून खोडलं.

१२ मार्च, बुधवार

बायकोने माझ्या फोनमधले फोटो पाहिले. सीटखालच्या जोडाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि उजेडाकडे धरला. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, सवयच आहे तिला.

म्हणाली, हे हाड नीट जुळलेलं नाही.

मी म्हणालो, हे हाड नाही.

तिने विचारलं, मागे कोण बसणार? मी म्हणालो, आपली लेक, अजून कोण? ती काही बोलली नाही. फोन पालथा ठेवला आणि जेवायला वाढलं.

मौन म्हणजे संमती. तशी नोंद करून ठेवतो.

१५ मार्च, शनिवार

आज बाईंकडे इसार द्यायला गेलो. नोटा हातात दिल्या. वातावरण जरा मोकळं व्हावं म्हणून घरच्या गप्पा काढल्या. म्हटलं, रविवारी बायकोला शेजारी आणि लेकीला मागे बसवून लांब फिरायला नेणार आहे. पोरीला गाडीचं फार वेड.

हे शेवटचं खरं नव्हतं, पण बोलण्याच्या ओघात आलं.

बाईंनी पैसे माझ्या मुठीत परत कोंबले. म्हणाल्या, तुम्ही मोडणार होतात ना? मग म्हणाल्या, गाडी विकायची नाही.

हा डाव मी ओळखतो. खुर्च्यांच्या व्यवहारात दोघांनी केला होता. गिऱ्हाईक अडकलं की माल मागे घ्यायचा. मी शांतपणे पाच म्हणालो. त्या शटर ओढू लागल्या. सहा म्हणालो. शटर निम्म्यावर अडकलं, तसंच सोडून त्या घरात निघाल्या. फाटकाशी सात म्हणालो.

दारात थांबून त्यांनी विचारलं, मुलगी केवढी आहे?

एकोणीस.

माझा बावीसचा होता, म्हणाल्या आणि दार लावलं.

बंद दाराला सव्वासात म्हणालो. आतून कडी सरकली. कसलेली बाई आहे.

१८ मार्च, मंगळवार

दिरांचा फोन. गोड माणूस. गाडी त्यांच्या नावावर आहे, वहिनींचा काही संबंध नाही. पुतण्या गेल्यापासून वहिनींचं डोकं ठिकाणावर नसतं, काहीबाही बोलतात, असं म्हणाले. गाडी त्यांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतली.

भाव नऊ. मी पाऊण तास किल्ला लढवला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असणार. शेवटी नऊवर तोडलं, पण वरची ताडपत्री फुकट.

ठेव मोडली. व्याज थोडं बुडालं. ताडपत्री उत्तम प्रतीची आहे.

२२ मार्च, शनिवार

गाडी घरी. आम्ही तीन जण आणि ती, मिळून चौघं.

बारीकसारीक नोंदी: डावं दार लागायला उजवं उघडं ठेवावं लागतं. वळणावर सीटखालून कुणीतरी झोपेत दात खावेत तसा आवाज येतो. जुन्या जातिवंत गाड्यांचा स्वभाव असतो, नव्या गाड्या मुक्या.

बायकोने किंमत विचारली. चार सांगितली. बाईंच्या तोंडून चार आलेली होतीच, त्यामुळे हे तत्त्वतः खोटं नाही.

२६ मार्च, बुधवार

दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट शनिवारी नखाएवढी होती. आज तीत पेन जातं. पट्टी लावली. सात मिलिमीटर. उन्हाने धातू फुगतो. पण फुगल्यावर फट कमी व्हायला हवी. यावर विचार करायचा आहे.

संध्याकाळी मागच्या सीटखाली नाणं पडलं. चाचपलं तर सापडेना. गाडी पुढे घेतली तेव्हा ते रस्त्यावर पडलेलं होतं.

२८ मार्च, शुक्रवार

फट नऊ मिलिमीटर.

वाटेत मिस्तरी भेटले. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, एकटेच बसता ना? मी म्हणालो, रविवारी सगळे जातोय. ते म्हणाले, साहेब, पाया पडतो, मागे कुणाला बसवू नका.

सौदा हातचा गेल्याची जळजळ माणसाला कुठल्या थराला नेते.

तरी पट्टी आता कपाटात ठेवली आहे. रोज मोजल्याने मन उगाच कातर होतं.

३० मार्च, रविवार, सकाळी ८

आज मेहुणीकडे, सत्तर किलोमीटर. बायको म्हणाली, तुम्ही गाडीने या, आम्ही बसने येतो. मी म्हणालो, प्रश्न गाडीचा नाही, विश्वासाचा आहे. ती म्हणाली, होय, तोच आहे.

लेक मध्ये पडली. म्हणाली, आई, बाबांना एकदा मनासारखं करू दे.

पोर समजूतदार आहे. माझ्यावर गेली.

संकल्प: सत्तरच्या वर वेग न्यायचा नाही.

३० मार्च, संध्याकाळ

आज अक्षर वाकडं येईल.

हायवेला लागेपर्यंत ठीक होतं. पासष्टच्या पुढे गाडीचं मागचं अंग वेगळ्या रस्त्याने जायला बघत होतं. मी डावीकडे घेतलं की ते जरा थांबून डावीकडे यायचं. लेक म्हणाली, बाबा, पायाखाली वारा लागतोय. मी म्हणालो, जुन्या गाडीला असतं. ती म्हणाली, रस्ता दिसतोय. मी म्हणालो, खाली बघू नकोस.

हे मी म्हणालो. तसंच लिहून ठेवतो.

बायकोने आवाज चढवला नाही. श्वास रोखा, हलू नका, असं पेशंटला सांगते त्या सुरात म्हणाली, गाडी बाजूला घे. एरवी ती मला अहो म्हणते. मी म्हणालो, पुढचा पूल झाला की घेतो. तेव्हा लेक हळूच म्हणाली, बाबा, मला उतरायचंय.

थांबलो. त्या दोघी बसथांब्यावर उतरल्या. लेकीची बॅग मागच्या सीटवरच राहिली. मी म्हणालो, तुमच्या आधी पोचेन.

पाच किलोमीटरवर पुलाआधी गतिरोधक. हळूच घेतला. डबा उघडावा तेवढाच आवाज झाला. मग मागून कुणीतरी पकडून ओढावं तशी गाडी थांबली. आरशात रस्ता दिसेना, आभाळ दिसत होतं. दारं अडकली, खिडकीतून बाहेर आलो.

गाडी मधोमध मोडून बसली होती. मागची सीट रस्त्यावर टेकली होती. बॅग तिच्याखाली, आणि ती जिथून फरफटत आली होती तिथपर्यंत मागे वहीची पानं.

मागून बस आली, हळू झाली, थांबली. बायको उतरली. माझी मान, हात, बरगड्या चाचपून पाहिल्या. कुठे दुखतं, विचारलं. मी म्हणालो, कुठेच नाही. तोवर तिची नजर माझ्यावरून हटली होती. ती सीटकडे बघत होती.

लेक बसच्या पायरीवर उभी होती. बायकोने तिला खाली येऊ दिलं नाही.

३१ मार्च, सोमवार

रजा टाकली. कारण: ताप. ताप नाही.

दिरांचा फोन लागत नाही.

५ एप्रिल, शनिवार

भंगारवाल्याने दोन्ही तुकडे वेगवेगळे काट्यावर चढवले. मिळून अकराशे चाळीस किलो. एकोणचाळीस हजार दिले. घासाघीस केली नाही. तोच म्हणाला, साहेब, काहीतरी बोला की.

तिथून बाईंच्या घरी. दिरांचा पत्ता मागायचा, पोलिसांत जाईन म्हणायचं, असं सगळं वाटेत घोकलं होतं. बाईंनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि पहिला शब्द, मुलगी?

मी म्हणालो, आधीच उतरली होती.

बाई होत्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. पदराने चष्मा पुसू लागल्या. मीही खालच्या पायरीवर बसलो. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाची गाडी मागून ट्रकने चेपली. बाई नको म्हणत असताना दिरांनी दुसऱ्या गाडीचा अर्धा भाग आणून जोडला. दुसऱ्या अर्ध्यातलं कोण गेलं, ते शोधायला त्या दोनदा बाहेर पडल्या आणि फाटकातून परत आल्या.

घोकलेलं काही बोललो नाही. पाणी प्यायलो आणि निघालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं, नऊ दिले. सगळंच सांगितलं. चुंबक, मिस्तरी, बाईंनी पैसे परत केले ते. ती भाजी चिरत होती. थांबली नाही. शेवटी म्हणाली, फट रोज मोजत होतास ना, खिडकीतून दिसायचं मला.

 

७ एप्रिल, सोमवार

लेक कॉलेजला निघाली. विचारलं, थांब्यापर्यंत येऊ का? म्हणाली, या. वाटेत परीक्षेचं बोलली. फाटलेल्या नोट्स मैत्रिणीकडून उतरवून घेते आहे. मी म्हणालो, मी लिहून देऊ का काही? म्हणाली, नको बाबा, वही तपासणारे अक्षर ओळखतील.

बस आली. ती चढली, मागे जाऊन बसली.

बस सुटायच्या आत मी रस्त्यावर गुडघे टेकले आणि वाकून बसखाली पाहिलं. लोक बघत होते. कंडक्टर दारातून ओरडला, काका, काय पडलंय?

मी म्हणालो, काही नाही.

लेक खिडकीतून दुसरीकडे बघत होती.