डेल्फीनच्या टेबलावरचे बारूद

मी, डेल्फीन मे हॉस्टेटर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेच्या बसची निवृत्त चालक, दिवंगत व्हर्जिल हॉस्टेटर यांची पत्नी, राहणार अँटलर क्रॉसिंग, वायोमिंग, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचीही भीड न धरता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शिवाय गेल्या गुरुवारी क्लबात मी लॉर्न क्विस्टला पिस्तुलाच्या नेमबाजीत हरवले, तो दाखला वेगळा. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. मला काहीही झालेले नाही आणि मरायची घाई तर मुळीच नाही. नवे मृत्युपत्र करते आहे ते लॉर्नला एक प्रश्न विचारायचा आहे म्हणून. तो प्रश्न तोंडाने विचारायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा गाडी बारुदाच्या वादावर घसरली. एकदा तर तो रागावून टोपी विसरून गेला. तेव्हा आता लेखी.

आमच्याकडे दंडक असा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे असते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. खाली दुसरा साक्षीदार म्हणून मी लॉर्नचे नाव टंकून ठेवले आहे. तो उद्या सकाळी येईल, वाचेल. त्याने सही केली तर तो नुसता साक्षीदार. विषय संपला, गुरुवारी क्लबात भेटूच. त्याने सही केली नाही, तर कलम ४ लागू, आणि मला नवा पोशाख शिवावा लागेल.

कलम २. माझे घर, मागच्या गराजसह, मुलगी कार्लीन हिला मिळावे. परंतु लॉर्न माझा नवरा झाला, तर त्याच्या हयातीत त्याला घरातून कोणी हलवू नये. कार्लीनला हे मी फोनवर सांगितले आहे.

ती म्हणाली, “आई, लॉर्नकाका बुटांसकट स्वयंपाकघरात येतात.”

“ते मी बघून घेईन.”

“आणि बारुदाचं काय? तुम्ही दोघं एका छपराखाली राहिलात, तर आठवड्यात घटस्फोट घ्याल!”

म्हणून पुढचे कलम.

कलम ३. गराजमधले काडतुसे भरायचे टेबल, दाबयंत्र, तराजू आणि मापे. मी आणि व्हर्जिलने विकतची काडतुसे फारशी वापरलीच नाहीत. झाडलेल्या पितळी पुंगळ्या वेचायच्या, धुवायच्या आणि हिवाळाभर घरीच भरायच्या. पिस्तुलाची पुंगळी ती केवढी, करंगळीच्या पेराएवढी. तिला बारूद लागते चिमूटभर. पण ते कोणते घ्यावे यावरून या गावात मैत्र्या तुटल्या आहेत.

मी वापरते ते चपट्या पातळ कपच्यांचे. अंगाने हलके आणि फुगीर. मापातून खाली येताना अडखळते, हात काळे करते, धूरही सोडते. सगळे मान्य. पण एवढेसे घातले तरी ते पुंगळीत वरपर्यंत दिसते, आणि चुकून दुसऱ्यांदा घातले तर काठावरून सांडून टेबलभर होते. आंधळ्यालाही कळेल. मी तीस वर्षे डोंगरातल्या रस्त्यावर बस चालवली आहे. बिघडल्यावर किंचाळणारा ब्रेक मला गप्प बसणाऱ्या ब्रेकपेक्षा नेहमीच बरा वाटला.

लॉर्नचे बारूद बारीक गोल दाण्यांचे, खसखशीसारखे. मापातून असे सुळकन उतरते की प्रत्येक काडतूस दुसऱ्याच्या तोडीस तोड. नेमही छान बसतो, हे मी फक्त याच कागदावर कबूल करते. पण ते पुंगळीच्या तळाशी गपचूप बसते. दुप्पट झाले तरी वर जागा उरते आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे.

एका जानेवारीत लॉर्न घरी काडतुसे भरत असताना बहिणीचा फोन आला. बोलून परत आला आणि ज्या पुंगळीत बारूद पडले होते तिच्यातच पुन्हा माप रिते केले. त्या गुरुवारी, माझ्या शेजारच्या जागेवर, त्याच्या हातात पिस्तूल फुटले. मुठीच्या लाकडी फळ्या उडाल्या, तळहात पावासारखा सुजला. मी त्याला माझ्या गाडीत घातले, हातावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी दिली आणि दवाखान्याकडे निघाले.

“पुंगळी जुनी होती,” तो म्हणाला.

“पुंगळीला कशाला बोल लावतोस? दोनदा भरलंस.”

“थंडी किती आहे बघ ना.”

“थंडीनं पिस्तूल फुटायला लागलं, तर वायोमिंगमध्ये एक तरी शिल्लक राहील का रे?”

“तुझा तो भुसा वापरण्यापेक्षा हात गेलेला परवडला!”

तो भांडत होता म्हणून मी रडले नाही. व्हर्जिल गेल्यानंतर पुन्हा कोणासाठी एवढी घाबरेन असे मला वाटले नव्हते. घाबरले. त्या रात्री घरी येऊन कळले की हा माणूस मला हवा आहे, आणि दोन हातांनिशी हवा आहे.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. लॉर्न आता प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावतो. बारूद मात्र बदलत नाही.

सबब, अट अशी: या घरात एकच टेबल राहील, त्यावर एका वेळी एकच डबा राहील, काम संपताच उरलेले बारूद त्याच्याच डब्यात परत जाईल, आणि ते बारूद कपच्यांचे असेल. गोल दाणे दारात थांबतील.

कलम ४. लॉर्न हो म्हणाला, तर त्याला घरात राहण्याच्या हक्कासोबत व्हर्जिलची आरामखुर्ची, एल्क हरणाच्या मांसाने भरलेले शीतकपाट आणि पलंगाची खिडकीकडची बाजू. खिडकी मी अजून कोणाला दिलेली नाही.

कलम ५. क्लबाचा अध्यक्ष मार्व टॉलफसन याला मी काही ठेवत नाही. एक तर तो पहिला साक्षीदार आहे. दुसरे, त्याने निशाणाच्या अचूक मध्यावर पडलेल्या माझ्या गोळीच्या भोकाला ‘माशी बसली असेल’ म्हटले होते. चर्चच्या ज्या समितीला माझी चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट आमटी, पातळ वाटली, तिला त्या चिलीची कृतीही मिळू नये.

कलम ६. मला पुरताना लिलीची फुले नकोत, शिंका येतात. नंतर सगळ्यांना चिली आणि दालचिनीचे रोल द्यावेत. चिली घट्ट असेल.

पुरवणी, मंगळवार सकाळ, माझ्याच हाताने.

लॉर्न आला, बुटांसकट. मार्वही होता. लॉर्नने उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या कलमाशी येऊन खाली बसला.

“डेल्फीन, हे काय गं?”

“मृत्युपत्र.”

“ते दिसतंय मला. हे चार नंबरचं काय?”

“वाचता येतं ना तुला?”

त्याने पुन्हा वाचले. मार्व छताकडे बघत राहिला. लॉर्नने पेन मागितले. मी दिले आणि सिंकपाशी जाऊन धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला. मागे कागदावर पेन ओढल्याचा आवाज आला. वाटले, केली सही. संपले.

“इकडे ये,” तो म्हणाला. त्याने तिसऱ्या कलमातली कपच्यांची अट गोल दाण्यांच्या वाक्यासकट खोडली होती, आणि ‘एकच टेबल’ खोडून वर लिहिले होते, ‘दोन’.

“तुझा भुसा मी मरेपर्यंत भरणार नाही, सांगून ठेवतो. माझं टेबल मी आणतो. गराजच्या त्या भिंतीला माझं, या भिंतीला तुझं, मध्ये गाडी. इकडचा डबा तिकडे जाणार नाही.”

“आणि पुंगळ्या?”

त्याने तो एकदा सुजलेला हात टेबलावर ठेवला. “मी बघतोच. पण गोळी बसवायच्या आधी तू पण एकदा बघत जा. माझ्या एकट्याच्या डोळ्यांचा आता भरवसा वाटत नाही मला.”

“रोज?”

“रोज. मग तू म्हणशील ते, बूटसुद्धा दारात काढीन.”

मार्व म्हणाला, “आता एक साक्षीदार कमी पडतोय, बरं का!” मी समोरच्या खानावळीतल्या बर्नाडीनला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावत आली, सगळे वाचले आणि म्हणाली, “मला काहीच नाही ठेवलंस?” तिला लग्नाचे आमंत्रण दिले आहे.

तिसऱ्या कलमातला बदल मला मान्य आहे. बाकीचे मृत्युपत्र आहे तसे राहील, आणि ते लवकर कोणाच्या उपयोगी पडू नये अशी माझी फार इच्छा आहे.

ठिकाण: अँटलर क्रॉसिंग, वायोमिंग
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: डेल्फीन मे हॉस्टेटर

आमच्यासमक्ष सही केली, आणि सही करताना ती हसत होती:

साक्षीदार १: मार्व टॉलफसन (ती माशीच होती)

साक्षीदार २: बर्नाडीन श्राडर (कागदावरचे पीठ माझे)

टंकलेले व खोडलेले नाव: लॉर्न क्विस्ट. कारण: नवरा होणार असल्याने साक्षीदार होता येत नाही.