माझ्या वहीतला झार

बाई, परवा नववीला रशियाची क्रांती शिकवली. तुम्ही शिकवायचात तशीच: फळ्यावर डावीकडे झार, उजवीकडे मजूर आणि शेतकरी, मध्ये भरपूर मोकळी जागा. लोणावळ्याच्या या शाळेला स्लॅब आहे. आपल्या गावच्या शाळेत पत्र्यावर पाऊस एवढा वाजायचा की समाजवाद तुम्हाला ओरडून सांगावा लागायचा. जमीन राबणाऱ्यांची झाली, असं तुम्ही घसा ताणून सांगितलंत आणि मागून कुणीतरी विचारलं, "मग बाई, पाटलांच्या जिमिनीचं काय?" वर्ग हसला. पाटलांची, म्हणजे आमच्या आबांची, नात मी पहिल्या बाकावर होते, मीही हसले. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. "आधी झारचं संपवू," म्हणालात.

चाचणीत प्रश्न आला, झारची सत्ता का कोसळली? पुस्तकातली कारणं लिहून झाल्यावर मी मनानेच एक वाक्य जोडलं: लोक बाजूला होऊन वाट देतात, म्हणून राजा पुढे जातो. तुम्ही त्याखाली लाल रेघ मारून 'छान' लिहिलंत. ती वही मी आठवडाभर वर्गात मिरवली.

मग पोळा आला. वेशीतून पहिली आमच्या घरची जोडी जायची, तो आमचा मान. त्या वर्षी माझ्या वर्गातले चौघं आपापले बैल घेऊन वेशीत उभे राहिले ते हलेचनात. वाजंत्री थांबली. आबा पुढे झाले तर एक जण म्हणाला, "वाट न्हाई देनार, आबा. पाटलीनबाईच्या वहीतच लिवलंय." आबांचा चेहरा पाहून मला तेव्हा गंमत वाटली, हे आता लिहायला हरकत नाही. आमची जोडी पाचवी गेली.

संध्याकाळी ओट्यावर वही आबांच्या मांडीवर आहे. "ह्ये कुनी शिकवलं तुला?" आता मला गंमत वाटत नाहीये. मी लाल रेघेकडे बघत म्हणते, "बाईंनी."

आबा शाळेच्या कमिटीवर होते. चार दिवसांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं, मलाही, वहीसकट. हेडमास्तरांनी वाक्य वाचलं आणि विचारलं, "हे तुमचं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही. "हो, माझंच. मीच सांगितलं होतं." मग वही मिटून माझ्या हातात दिलीत. "जा, गणिताचा तास बुडेल." आणि मी गेले, बाई. खरंच गणिताच्या तासाला जाऊन बसले.

दिवाळीनंतर तुम्ही आला नाहीत. पुढे तळेगावात घरी शिकवण्या घेत होतात, असं कळलं. मी कधी आले नाही, मला लाज वाटत होती. पुढच्या पोळ्याला आबांनीच मानासाठी चिठ्ठ्या टाकल्या. अजून टाकतात, जोड्या दोनच उरल्यात तरी. गावाने ती क्रांती निवांत पचवली. गेली ती तुमच्या एकटीची नोकरी.

परवा ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे पुस्तकात नाहीये. कुणाचंय?"

"माझ्या बाईंचं," मी म्हणाले.

तेव्हा आबांसमोर घाबरून हेच म्हणाले होते. या वेळी कशामुळे म्हणाले, ते मला सांगता येत नाही. पत्र न पाठवता त्याच वहीत ठेवते आहे.