सुचेताची ट्यूब

३ नोव्हेंबर, सकाळ
ब्रश करताना पुन्हा रक्त. ब्रश कडक आहे, बाकी काही नाही. सुपारी आजपासून बंद. सुचेताच्या हिशेबी ती गणपतीपासूनच बंद आहे. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.

५ नोव्हेंबर
पुतणी शर्वरी डेंटल कॉलेजातून दोन ट्यूब घेऊन आली. काका-काकूंनी लाळ द्यायची. हिरड्या आतून खराब व्हायला लागल्या की लाळेत कसलीशी एंझाइम्स वाढतात म्हणे, दुखायच्या कितीतरी आधी. काका सुपारी खातात का, हेही काकूसमोरच विचारलं! ठणकावून नाही म्हटलं. आगाऊ कार्टी.

६ नोव्हेंबर
उपाशीपोटी दोघांनी ट्यूब भरल्या. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात मालाची क्वालिटी बघण्यात माझे केस पिकले. बाहेरचा इन्स्पेक्टर आला की कुठला पीस पुढे ठेवायचा, हे मला कुणी शिकवू नये. सुचेताने जन्मात दाताची तक्रार केलेली नाही. लेबलं बदलली. माझ्या नावावर तिची लाळ, तिच्या नावावर माझी. कुणाचं काही बिघडत नाही.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट आले. शर्वरीचा चेहरा उतरलेला. काकांचे आकडे फार वाईट, आतून हाड झिजत असणार, लगेच तपासायला या म्हणाली. काकूंना थोडी सूज, बाकी ठीक.
मशीनचं कॅलिब्रेशन गेलंय. नक्की.

२० नोव्हेंबर
सुचेता माझ्यासाठी रडली. मग सहज म्हणाली, तिचीच हिरडी दुखतेय, एक दात हलतोय, डॉक्टरकडे जाणार होती. पण रिपोर्ट चांगला आलाय तर कशाला उगाच लचांड. वयाने होत असेल.
म्हणजे मशीन बरोबर होतं. सांगणारच होतो. पण तिने माझ्यासाठी मऊ खिचडी केली होती, वर तूप. रविवारी सांगेन.

२३ नोव्हेंबर, रविवार
इंद्रपुरीत आमच्या मराठी मंडळाची मीटिंग, हळदीकुंकवासारखा गोतावळा जमला होता. चारचौघांत कसं सांगणार? सुचेताने चिक्की परत ठेवली. भाकरीही आमटीत बुडवून, एकाच बाजूने चावते. हे कधीपासून? मी कधी बघितलंच नाही.

३० नोव्हेंबर
शर्वरीचा फोन. काका तपासायला का येत नाहीत? ऑडिट आहे म्हटलं. खुर्चीत बसून तोंड उघडलं की सगळंच उघडं पडेल. भीती वाटते. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. ऑडिट संपलं की पहिलं काम हेच.
टेन्शनमुळे सुपारी किंचित वाढली आहे.

७ डिसेंबर, दुपार
जेवताना सुचेताचा दात हातात आला. अख्खा. कीड नाही, काही नाही. मला दाखवून हसली. म्हणाली, अहो, रिपोर्ट चांगला होता म्हणून बरं, नाहीतर घाबरलेच असते.
आता सांगायचंच म्हणून मी तोंड उघडलं. गालात सुपारी होती. तिला दिसली.
हे लिहितोय तेव्हाही ती स्वयंपाकघरातून सुपारीवरूनच बोलतेय. दाताच्या रिकाम्या जागी जीभ अडखळतेय तिची. दात माझ्या टेबलावर ठेवलाय.
तिचं बोलून झालं की सांगतो.