घडवलेली रायफल आणि एलवूडची खाट

४ जुलै १९८७, शनिवार
सासऱ्यांकडे जेवण. मक्याची कणसे, बटाट्याचे सॅलड, मेहुण्याचे विनोद. तिन्ही दरवर्षीचेच. सफरचंदाच्या गोड 'पाय'चा दुसरा तुकडा ताटात ओढताना सासरे अचानक म्हणाले, "एलवूडची खाट रिकामी झाली. प्रोफेसर, यंदा कॅम्पला ये. रायफल घेऊन."

लग्नाला एकोणीस वर्षे झाली. दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम उघडतो, ही सर्व मंडळी पॉटर काउंटीतल्या आपल्या लाकडी खोपटात आठवडाभर जाऊन राहतात, आणि मी घरी लॅटिनचे पेपर तपासतो. आजवर कोणी विचारले नाही. मग आताच का? एलवूड, त्यांचा कॅम्पमधला जुना सोबती, मार्चमध्ये वारला. म्हणजे चार महिने दुसऱ्या कोणाचा तरी शोध चालला असणार.

घरी येताना बायकोकडून, लोर्नाकडून, खुलासा झाला. कॅम्पमध्ये खाटा बारा. एकदा मिळालेली खाट मरेपर्यंत आपली. गेलनने, म्हणजे मेहुण्याने, आपला मित्र व्हर्न ड्यूबिक याचे नाव पुढे केले आहे. व्हर्न प्लंबर आहे. दोघांनाही बोलावणे आहे. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी सासरे निर्णय देणार.

त्या खाटेचे मला मुळीच आकर्षण नाही. निवड गुणवत्तेवर व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.

७ जुलै, मंगळवार
क्लीट हॉस्टरमनच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. क्लीटने मांडणीवरून तयार रायफल काढून माझ्या हातात दिली. "ही घ्या, प्रोफेसर. शनिवारी चार गोळ्या झाडा, डिसेंबरात हरीण आणा. विषय संपला."

विषय संपवण्याची एवढी घाई का? शिवाय ती रायफल मांडणीत नेमकी दाराकडच्या टोकाला होती. मी येणार हे त्याला आधीच कळले असावे. गेलन आणि क्लीट शाळेत एका वर्गात होते.

रात्रभर विचार करायची गरज भासली नाही. विकत घेतलेली रायफल म्हणजे दुसऱ्याने सोडवून दिलेला स्वाध्याय. मी माझी रायफल घडवणार. नळी आणि यंत्रणा उत्तमातली मागवायची, ती बसवण्याचे काम क्लीटला नाइलाजाने द्यायचे, आणि खांद्याला टेकतो तो अक्रोडाचा दस्ता स्वतःच्या हाताने कोरायचा. एक सप्टेंबरपर्यंत पूर्ण. बाकीचे तीन महिने सराव.

लोर्ना म्हणाली, "लेम, तू आजवर लाकडाची एकच वस्तू केली आहेस, ते पक्ष्यांचं घरटं. त्यात पक्षी गेले नाहीत."
पक्ष्यांचा दोष होता.

१८ जुलै, शनिवार
दस्त्याचे माप घ्यायला क्लीटकडे. तो मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "असं नको. घरी जा, हंगामात घालणार तो लोकरी कोट घालून या. मग माप घेऊ."

जुलै महिना. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. दुकानात चार रिकामटेकडे इसम थंड पेयाच्या बाटल्या घेऊन बसलेले, आणि मी लोकरी कोट घालून मुख्य रस्त्यावरून चालत यायचे! चौघांपैकी एकाच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला.

हा डाव अर्थातच हाणून पाडला. घरी येऊन स्वतःच माप घेतले. पातळ सुती शर्ट, सरळ उभे राहून, कॅलिपरने तीन वेळा. तिन्ही मापांत केसाइतका फरक आला म्हणून कॅलिपरचाच संशय आला. नवा कॅलिपर आणला. आता फरक नाही.

२ ऑगस्ट, रविवार
अक्रोडाचा ठोकळा आणून पंधरा दिवस झाले. लाकूड पूर्ण वाळलेले आहे, असे विकणारा म्हणाला. तो म्हणाला म्हणूनच मी रोज सकाळी साडेसहाला त्याचे वजन करतो. लोर्नाची तक्रार: "माझ्या पिठाच्या काट्यावर भुसा असतो. काल बिस्किटांत लागला."
काल मी तीन बिस्किटे खाल्ली. भुसा नव्हता.

२३ ऑगस्ट, रविवार
कोरकाम चालू. आज गेलन सहज डोकावला. (गेलन सहज कधीही डोकावत नाही.) बराच वेळ पाहून म्हणाला, "छान जमतोय हं, भावजी. टेबलाला बाकीचे तीन पाय कधी करणार?"
आणि जाता जाता: "लांबी किती धरलीत?"
मी उत्तर दिले नाही. त्याला लांबी कशाला हवी?

१ सप्टेंबर, मंगळवार
आज रायफल पूर्ण होणार होती. दस्ता जवळजवळ झाला आहे. 'जवळजवळ' हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरू देत नाही, परंतु येथे तो अचूक आहे.

९ सप्टेंबर, बुधवार
नळी पोस्टाने आली. सोबतच्या पावतीवर 'नळी' याच इंग्रजी शब्दात एक अक्षर जास्त. ज्यांना पाच-सहा अक्षरे मोजता येत नाहीत, त्यांनी इंचाचा हजारावा भाग कसा मोजला असेल? दोन पानी पत्रासह परत पाठवली.

लोर्ना म्हणाली, "बाबांनी विचारलंय, रायफल झाली का. काय सांगू?"
सांग, गुणवत्ता तपासणी चालू आहे.

२१ ऑक्टोबर, बुधवार
सहा आठवड्यांनी, परवा सोमवारी, नळी परत आली. बहुधा तीच. पावतीवरचे अक्षर मात्र शाईने खोडले आहे, आणि तेही चुकीचे. आता वेळ नाही, म्हणून स्वीकारली. क्लीटने दोन दिवसांत सर्व बसवून दिले. इतक्या लवकर? मी चारदा तपासले. दोष सापडला नाही. हे अधिकच अस्वस्थ करणारे आहे.

दस्त्याला तेलाचे अकरा हात झाले. बारावा उद्या.

२५ ऑक्टोबर, रविवार
नेमबाजीच्या मैदानावर. ऊन छान होते, स्वेटर काढून ठेवला. पाच गोळ्या, पाचही भोके एका लहान नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. शेजारच्या बाकावरचे दोघे उठून पाहायला आले. क्लीटने रायफल हातात घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "लाकडाचं काम झकास केलंत, प्रोफेसर. खोटं कशाला बोलू?"
खोटे कशाला बोलेल, हे मीही विचार करून पाहिले. सबब सापडली नाही.

मग तो म्हणाला, "कोट घालून बघितलंत का?"
पुन्हा कोट! पराभूत माणूस एकाच विनोदाला चिकटून बसतो.

गेलनही पाहायला आला होता. त्याचा तो चेहरा जपून ठेवण्याजोगा.

१४ नोव्हेंबर, शनिवार
पहिला बर्फ. लोर्नाने माळ्यावरून लोकरी कोट काढून दिला. दारात उभा राहून रायफल खांद्याला लावली. लागली नाही. दस्त्याचे टोक काखेखाली कोटात अडकते. ओढून वर घेतली तर डोळा रायफलवरच्या दुर्बिणीपासून इतका दूर जातो की काळोख दिसतो.

प्रथम लोर्नाला विचारले, कोट गरम पाण्यात धुतला होता का. "अरे, कोट आटला तर तो तुला घट्ट होईल. दस्ता कसा लांब होईल?" असे ती म्हणाली. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो.

दस्ता मोजला. जुलैतल्या मापाशी तंतोतंत जुळतो. म्हणजे चूक दस्त्यात नाही. कोटाची जाडी आणि आतला स्वेटर मिळून एक इंच. चूक कोटात आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार
क्लीटला फोन केला, केवळ तात्त्विक चर्चेसाठी. तो हसला नाही. हे विशेष. म्हणाला, "आणा उद्या. आरीने इंचभर छाटतो, मागे रबराची पट्टी लावतो. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटे! त्या टोकाला लाकडाच्या रेषा पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या वळतात. तो भोवरा मिळावा म्हणून मी नऊ ठोकळे नाकारले होते. एकदा आरी हातात आली की या लोकांना आणखी काय काय छाटावेसे वाटेल, कोण सांगणार?

निर्णय: दस्ता राहील. कोट जाईल.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
थंडी ही सवयीची बाब आहे. आज सकाळी शर्टावर अंगणात वीस मिनिटे उभा राहिलो. शेजारीण दोनदा खिडकीशी आली. उद्या तीस.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
शिंका. तीस मिनिटे उद्यापासून.

२९ नोव्हेंबर, रविवार. कॅम्प.
तीन तासांचा प्रवास, शेवटचा तास गेलनच्या गाण्यांसह. खोपट अपेक्षेपेक्षा ठेंगणे. मधोमध चूल, भिंतीला दुमजली खाटा, छताला धुराचा रंग. जेवणात तळलेले स्क्रॅपल (डुकराचे मांस आणि मक्याचे पीठ यांची वडी) आणि डब्यातला घेवडा, दोन्ही करपलेले. येथे पाळीपाळीने सर्वजण करपवतात.

सासऱ्यांनी एलवूडची खाट तूर्त मला दिली. व्हर्नने घडीची खाट आणली आहे. व्हर्न हा सहा फूट चार इंचांचा, लांब हातांचा, अबोल मनुष्य. मला 'सर' म्हणतो. का?

खाटेच्या लाकडी कडेला एलवूडने चाकूने वर्षे कोरली आहेत. १९४६ पासून. शेवटच्या आकड्यापुढे आणखी तेवढ्याच आकड्यांची जागा आहे. मी बोटाने मोजली. सहज.

सासरे म्हणाले, "प्रोफेसर, तुझा कोट कुठे?"
म्हणालो, लागत नाही.
सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. आदराने, असा माझा ग्रह झाला.

३० नोव्हेंबर, सोमवार. दुपार.
हात अजून थरथरतो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व.

पहाटे बाहेर पडलो तेव्हा बादलीतले पाणी दगड झाले होते. अंगात दोन शर्ट आणि कायद्याने सक्तीची नारिंगी बंडी. सासऱ्यांनी मला ओढ्याच्या वरच्या अंगाला, मोठ्या हेमलॉक झाडाखाली बसवले. ही कॅम्पमधली सर्वांत चांगली जागा, असे नंतर कळले. ती त्यांची स्वतःची होती.

सात वाजून चाळीस मिनिटांनी नर आला. आठ टोकांची शिंगे, चाळीस पावलांवर, आडवा उभा. रायफल खांद्याला निर्दोष लागली. हे नमूद करणे अगत्याचे आहे: निर्दोष. परंतु दुर्बिणीत हरीण वर जाई, खाली जाई, पुन्हा वर. सेफ्टीच्या खटक्यावरचा अंगठा माझा असल्याची कोणतीही खूण देईना. माझे दात वाजत होते. हरणाने मान वळवून त्या आवाजाकडे पाहिले, काही वेळ ऐकले, आणि चालत निघून गेले. पळालेही नाही.

नऊ वाजता सासरे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस; स्वतःचा कोट काढून त्यांनी मला घातला आणि दंडाला धरून खाली आणले. वाटेत एवढेच म्हणाले, "हात चोळत राहा, बाबा. बोलू नकोस."
काय घडले, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर तयार होते.

१ डिसेंबर, मंगळवार
ताप. चुलीपाशी बसून राहण्याची आज्ञा. सर्वजण जंगलात. टेबलावर कालची करपलेली कढई पाहवेना, म्हणून घासली. मग मांडणी नीट लावली. मग घेवडा, हॅमचे हाड, कांदा, आणि चार तास मंद आच. फेस दर दहा मिनिटांनी काढला. लॅटिनइतकेच हेही लक्ष देण्याचे काम आहे.

दुपारी अकरा माणसे आत आली, वाडगे भरून बसली आणि कोणी एक शब्द बोलले नाही. अकरा माणसे गप्प! मी समजलो, खाटेविषयी त्यांचे आधीच ठरले आहे. मग गेलनने वाडगा पुढे केला. "भावजी, आणखी आहे का?" मग सर्वांनी.

व्हर्न उशिरा आला. बर्फावर घसरला होता. त्याच्या रायफलची दुर्बीण फुटली. सासरे माझ्याकडे वळले. "तुझी पडूनच आहे ना?"

आता ही घसरण खरी की ठरवून केलेली? व्हर्नचा गुडघा सुजला होता, हे खरे. मी त्याला लाकडाच्या रेषा, तेलाचे बारा हात आणि सेफ्टी यांविषयी चाळीस मिनिटे सांगितले. तो म्हणाला, "बरं, सर." मग त्याने आपला जाडजूड कोट घालून रायफल खांद्याला लावली. लागली. जणू त्याच्यासाठीच बेतली होती. मी दुसरीकडे पाहिले.

२ डिसेंबर, बुधवार
सकाळी सात वाजून पंचावन्न मिनिटांनी ओढ्याच्या बाजूने एक गोळी. माझी. आवाज ओळखता येतो. दुसरी झाली नाही.

अकराच्या सुमारास त्यांनी हरीण ओढत आणले. आठ टोके. तेच असावे. व्हर्नने दारातच माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सर, अशी रायफल मी उभ्या जन्मात धरली नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी पुष्कळ शोधले, पण त्यात काही डाव सापडला नाही.

जेवणानंतर सासऱ्यांनी घसा साफ केला. "व्हर्न, एलवूडची खाट तुझी. प्रोफेसर, तू चुलीपाशी झोप. आम्हाला चूल सांभाळणारा हवाय. दरवर्षी."
गेलन म्हणाला, "दरवर्षी हं, भावजी. नाहीतर आम्ही मरू."
सर्व हसले. मीही.

खाटेवरची माझी चादर मी स्वतः काढली, घडी घातली. व्हर्न मदतीला आला. त्याला म्हटले, राहू दे.

खिळ्याला टांगलेली कॅम्पची वही सासऱ्यांनी काढली आणि लिहिले: व्हर्न ड्यूबिक, आठ टोके, एक गोळी. मी सुचवले की रायफल कोणी घडवली, हेही नोंदवणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य ठरेल.
"यात शिकार लिहितात, प्रोफेसर. सुतारकाम नाही."

मग पेन्सिल ओली करून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे सरकवली. 'घेवड्याचं सूप, प्रोफेसर. चांगलं होतं.'

तीनदा वाचली. 'होतं' या भूतकाळात काहीतरी खोच आहे, असा मला दाट संशय आहे. दुपारभर विचार केला, निष्कर्ष निघाला नाही. उद्यासाठी दोन शेर घेवडा भिजत घातला. अकरा माणसांना दीड पुरतो. व्हर्न दोनदा घेतो.