मधली अकरा मिनिटं

क्लातेन,
गुरुवार (आपल्या पाच वारांतला पाहिंग)

आदरणीय थोरले बंधू कांग वागियो यांस,

धाकट्या पोनिरानचं डोकं तुमच्या गुडघ्यांवर (मध्ये समुद्र असल्यामुळे लांबूनच, पण टेकवलं आहे). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत, यू मारिनेम वहिनींची साखर उतरली का, मिरीच्या वेलांना यंदा घोस कसे धरलेत, ते कळवावं. तुमच्या मोबाइलची प्रकृती मात्र बरी नसावी. मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी घरच्या ग्रुपवर 'वागियो बाहेर पडले' अशी ओळ उमटली, आणि तेव्हापासून माझे नऊ फोन नुसते वाजून वाजून दमले. तुमची भावजय तुकिना म्हणते, "मोबाइल धडधाकट आहे, तुमचे कांग बिघडलेत." मी तिला म्हटलं, कांग तसे नाहीत. पण पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आई गेल्याचा हजारावा दिवस आहे, आईच्या नावाचा दगड ओसरीवर गोणपाटाखाली झाकून ठेवलाय, आणि तो थडग्यावर बसवायचा मान थोरल्याचा. थोरला आलाच नाही तर मी त्या दगडाला काय सांगू? म्हणून हे पत्र.

आता पहिल्यापासून सांगतो (मला मधूनच सुरुवात करता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे). आईच्या शंभराव्या दिवसाला तुम्ही लांपुंगहून बोट आणि दोन बस बदलत, पिंजरा मांडीवर घेऊन, हा होला पक्षी आणलात. म्हणालात, "हा बोलेल, पण त्याच्यामागे घाई लावू नकोस." मला कसली घाई? मी एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. गाडी यायची झाली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं, मधल्या वेळात वाट बघायची, एवढीच विद्या माझ्यापाशी. रोज न्याहारी झाली की पिंजरा दोरीने उंच बांबूवर चढवायचा आणि खाली बाकावर बसायचं, असा माझा क्रम. जवळजवळ अडीच वर्षं तुमच्या होल्याने चकार शब्द काढला नाही. तरी सकाळी छान जायच्या. तुम्ही फोनवर दर वेळी विचारायचात, "बोलला का?" म्हणून मी मोबाइल फणसाच्या बुंध्याला बांधून रोजचे तीन-तीन तास टिपायला आणि इंटरनेटवर टाकायला लागलो, म्हणजे ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी तुम्हालाही ऐकू यावं. असे दोनशे चौदा व्हिडिओ झालेत. बघणारे अकरा जण. त्यातले तीन मीच (दोनदा पासवर्ड विसरलो). एक तुम्ही असाल असं मी धरून चालतो.

आणि गेल्या महिन्यात तो बोलला. एकदाच. आधी हलकेच उचल, मग मधला ठेका, आणि शेवटचा सूर असा लांब गेला की मी हातातला कॉफीचा पेला मातीत ओतला. तुम्हाला लगेच फोन केला, तेव्हा तुम्ही नाक शिंकरलंत. ते मला आवडलं होतं.

पण सुख एका जागी बसलं तर ते सुख कसलं? आमची सून रेस्ती घरबसल्या एक काम करते. बातिकचे दुकानदार दोन-दोन तास मोबाइलसमोर बसून सदरे विकतात, त्यातले तीस सेकंद वेचून ती त्याच्या रील बनवून देते. बाकीचं टाकून. (मी विचारलं, टाकलेलं जातं कुठे? म्हणाली, "कुठेच नाही, पाक." बापाला म्हणावं तसं ती मला पाक म्हणते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.) पोर गुणाची आहे, हात चलाख आहे, मात्र तिला रिकामी जागा सोसत नाही. बशीत दोन तळलेले तेंपे राहिले तरी ती बशी आवरते. तिने माझा तीन तासांचा व्हिडिओ बघितला आणि कपाळावर हात मारला. "पाक, लोक तीन सेकंद थांबत नाहीत आणि तुम्ही तीन तास झाडाखाली बसवता होय?" मी म्हटलं, कर बाई तुला काय करायचं ते. हीच माझी चूक. फाटक मीच उघडलं.

तिने होल्याचा तो एक आवाज घेतला, एकापुढे एक चौदा वेळा चिकटवला, वर ढोल लावले. चार लाख लोकांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी सोलोहून दोन गृहस्थ गाडी करून आले, न थांबता बोलणारा होला बघायला. सकाळी सातला बाकावर बसले ते दुपारच्या अजानपर्यंत. होल्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पिसं विंचरली. तुकिनाने तीनदा कॉफी केली, चौथ्यांदा पाण्यातच थोडी कॉफी दाखवली. गंमत म्हणजे जाताना ते म्हणाले की बरं वाटलं, किती वर्षांत असं नुसतं बसलो नव्हतो. पुढच्या रविवारी परत आले, मेव्हण्याला घेऊन. आता रविवारी बाकावर जागा मिळत नाही आणि मी माझ्याच अंगणात उभा असतो.

आमच्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष कर्सिदी मात्र खवळले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोनिरान, होला म्हणजे कोंबडा नव्हे. दोन आवाजांमधली शांतता ऐकायला आपण जमतो, ती तू कापून खाल्लीस." बावीस वर्षांचा माझा सभासद क्रमांक खोडायला पेनही काढलं. पेन चाललं नाही, म्हणून मी वाचलो. (रेस्ती म्हणते, हाच प्रसंग टिपला असता तर दहा लाख कुठे गेले नसते.)

तिने एवढ्यावर थांबावं की नाही? पण चार लाख म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, माणसाची भीड चेपते. त्याच तीन तासांतून तिने आणखी सहा तुकडे काढले, चोथा होईपर्यंत ऊस पिळावा तसे. एकात मी बसल्या बसल्या पेंगतोय. एकात तुकिना पिंजऱ्याखालून जाता जाता मला म्हणते, "पक्षी बोलेल तेव्हा बोलेल, तुम्ही तरी काही बोला." हा इतका गाजला की बाजारात बायका तिला थांबवून तेच म्हणून दाखवायला सांगतात, आणि ती म्हणते. भाव खाते जरा, पण म्हणते.

सातव्या तुकड्याबद्दल लिहायचं तर हात जड होतो. त्या दिवशी मोबाइलची बॅटरी संपली असं मला वाटलं होतं आणि मी होल्याशी बोलत होतो. रेस्तीने त्यातलं एवढंच घेतलं: "माझ्या भावाचं काय सांगू तुला. आई आजारी आहे म्हणून कळवलं तर नवव्या दिवशी उगवला, आणि उंबरठ्यात पाय ठेवताच विचारतो, जेवायला काय आहे." वर लिहिलं, 'भाऊ असावा तर असा', आणि पुढे हसून रडणारं पिवळं तोंड. साठ हजार लोक हसले. तिने तो टाकला मंगळवारी दुपारी, साधारण चारच्या सुमारास. पोरीला ते कुणाबद्दल आहे हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि तुकडा काढून टाकला. पण सांडलेलं पाणी भरता येत नाही.

मी ते बोललो, कांग. बोललो नाही असं म्हणणार नाही. तुमच्या मोबाइलच्या बिघाडाशी त्याचा काही संबंध नसेलच, तरी कानावर घातलं. यू मारिनेमला नमस्कार. चूकभूल पदरात घ्यावी.

तुमचा धाकटा,
पोनिरान

ता.क. तो व्हिडिओ पूर्ण बघा अशी विनंती आहे, त्यासाठीच एवढं लिहिलं. सगळे तीन तास नकोत, दोन तास वीस मिनिटांपासून लावा. आधी ते येईल, जे साठ हजारांनी ऐकलं. मग अकरा मिनिटं कुणीच बोलत नाही. रेस्तीने तिथूनच कातर लावली, कारण त्यात काही नाही. पुढे पळवू नका. नंतर मी होल्याला सांगतो की बंदरावर लाटांमुळे बोटी बंद होत्या, भाऊ सहा दिवस धक्क्यावर अडकला होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि असंही सांगतो की भाऊ पंधराव्या वर्षी शाळा सोडून लांपुंगला गेला तेव्हा स्वतःचे शाळेचे बूट माझ्या खाटेखाली ठेवून गेला, मला बसावेत म्हणून पुढे कागद कोंबून. ते मी तीन वर्षं घातले. तिसऱ्या वर्षी कागद काढला. पन्नास वर्षांत हे मी तुम्हाला सांगितलं नाही, होल्याला सांगितलं. आणि दोन तास तेहतीस मिनिटांनी तो बोलला. चार लाखांनी ऐकलेला आवाज तोच. त्याच्या आधी काय झालं ते फक्त तुम्हाला कळवतो आहे.

ता.क. दुसरा. तुकिना म्हणते, आल्या आल्या जेवायला काय आहे ते विचारा, ती फणसाची भाजी करून ठेवणार आहे. येताना तिकडची कॉफी आणावी. सोलोच्या मंडळींनी इथली संपवली.

ता.क. तिसरा. रेस्तीने हे पत्र वाचलं आणि पेन्सिलीने तीन ओळींखाली रेघ मारून म्हणाली, "पाक, एवढंच पाठवा, बाकी कोण वाचतंय?" मी सगळंच पाठवतो आहे. मोबाइल खरंच बिघडला असेल तर दुरुस्त करत बसू नका. इथे येऊन बाकावर बसा, मीच तोंडाने सांगतो. मध्ये अकरा मिनिटं गप्प बसावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.