सहीला दोघं

ता. ९ मार्च

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक घेताय हे वाचून बरं वाटलं. पण जिने कमी चढा असं डॉक्टरांनी सांगितलंय ते तुम्ही ऐकत नसणार, हे मला इथे बसून दिसतंय. इतकी वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांना दटावलंत, आता तुम्हाला कुणी दटावलं की रुसता.

ह्यांच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. सोफ्याचं कापड ताणून खिळा मारायचा तर मूठ हवीच. त्यामुळे दुकान नावालाच उघडं आहे. मी कुशनच्या खोळी शिवते, पडदे दुमडून देते, त्यात भाडं आणि किराणा कसाबसा निघतो. मागच्या वेळी ह्यांनी मला सगळं ठीक आहे असं लिहायला लावलं होतं. ते खोटं होतं, वन्सं. म्हणून हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय.

मोठं शिलाई मशीन आणि टेम्पो कर्जावर घेतला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हात मोडला तसे हप्ते थांबले. आधी बँकेची पत्रं यायची, गोड भाषेत. मग बँकेने ते खातं एका वसुलीवाल्या कंपनीला देऊन टाकलं आणि पाकिटावरच लाल शाईत 'अंतिम सूचना' छापून यायला लागलं. सात दिवसांत पैसे भरा, नाहीतर घरातलं सामान उचलू, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवू, तुरुंग दाखवू. अशी अंतिम सूचना दर आठवड्याला येते. इतक्या वेळा अंतिम कशी होते, देव जाणे. हे ती फोडतच नाहीत. कापडाच्या ताग्यांमागे सारतात आणि पुढचा दिवा मालवून मागच्या खोलीत बसून राहतात. फोनही बंद, कारण कंपनीचे लोक सारखे करतात. तुमचाही म्हणूनच लागत नाही.

आता बाजारातल्या एका सावकाराकडून पैसे घेऊन कंपनीचं तोंड एकदाचं बंद करायचं, असं ह्यांच्या मनाने घेतलंय. त्याचं व्याज मी दोनदा विचारून घेतलं, खरंच वाटेना. मी काही बोलले की म्हणतात, तुला व्यवहारातलं काय कळतं. तुमचं ऐकतील. मी कळवलंय असं मात्र लिहू नका.

तुमच्या जिवाला घोर लावला, पण दुसरं कुणाला सांगू? माया आहे तशीच ठेवा.

तुमची भावजय,
चिऊ


ता. १४ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चिऊने मला सगळं कळवलं. कळवलंय असं लिहू नका म्हणाली होती. पण मला खोटं लिहिता येत नाही आणि तुला ते लगेच पकडता येतं, तेव्हा तो खेळच नको. तिच्यावर चिडायचं असेल तर आधी माझ्यावर चिड. मी मोठी आहे, पहिला मान माझा.

पैसे पाठवत नाही, कारण नाहीत. असते तर तुला न विचारता पाठवले असते. पेन्शनीत माझंच जेमतेम भागतं आणि उरलेलं ह्या गुडघ्यावर जातं. पण बाकी सांगते ते ऐक.

ती पाकिटं फोड. आमच्याकडे पेशंट पट्टी सोडू द्यायचे नाहीत, खाली काय असेल ह्या भीतीने. सोडली की जखम बहुतेक वेळा भीतीपेक्षा लहान निघायची. नेहमी नाही, खोटं कशाला बोलू, पण बहुतेक वेळा. आणि सावकाराच्या कागदावर सही करू नकोस. कंपनी निदान पत्रं तरी लिहिते. त्याची माणसं पत्रं लिहीत नाहीत, थेट दारात येतात.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर एक बाई कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देतात. माझ्या मैत्रिणीच्या जावयाचं प्रकरण त्यांनीच मार्गी लावलं. तुमच्या गावातही असं कुणीतरी असणारच. औषधांच्या दुकानात विचार, त्यांना सगळ्यांची दुखणी ठाऊक असतात. लाज वाटली तर चिऊला पुढे कर. ती तुझ्यापेक्षा धीट आहे, हे तुझ्या लग्नातच माझ्या लक्षात आलं होतं.

हाताचे व्यायाम करतोस ना? की तेही ताग्यांमागे सारलेस?

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
अक्का


ता. २२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. आधी हिच्यावर चिडलो, मग तुझ्यावर, मग स्वतःवर. तू सांगितलेला मानपान काही पाळता आला नाही.

पाकिटं फोडली. म्हणजे निम्मी फोडली. त्यात एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण निघालं, लग्न कधीच होऊन गेलेलं. बाकीच्या पत्रांत आकडा दर वेळी निराळा. कसले कसले आकार लावलेत, काही कळत नाही. शेवटी हात थांबला तो थांबलाच.

परवा त्यांचा माणूस आला. शाळेच्या मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्यांसाठी कापड बघत उभ्या होत्या. त्याने दारातूनच आवाज चढवला. लोकांचे पैसे बुडवून दुकानं थाटायची, बायकोच्या शिवणावर जगायचं, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. बाईंनी नमुन्यांची वही हळूच मिटली, पुन्हा येते म्हणाल्या आणि गेल्या. त्या कसल्या पुन्हा येणार! जाताना त्याने आमच्या मोठ्या मशीनवर थाप मारली. बाजारात जनावर विकत घेतल्यावर मारतात ना, तशी.

अक्का, तुझं म्हणणं पटत नाही असं नाही. पण आणखी एका अंतिम सूचनेची वाट बघायची ताकद माझ्यात उरली नाही. सोमवारी सावकाराकडे जाऊन सही करतोय. हिला सांगितलंय. हिने माझा शर्ट इस्त्रीला काढला, ते जास्त लागलं.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझा
ठोकळ्या


ता. २५ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र सोमवारच्या आत तुला मिळेल की नाही, ठाऊक नाही. मिळालं तर जाऊ नकोस. जाऊन आल्यावर मिळालं तर ऐक: तू सही केली असलीस तरी माझा भाऊच आहेस. पुढे काय करायचं ते पुढे बघू. तो माणूस जे बोलला ते तो रोज दहा घरी बोलत असेल. तू कुणाचं बुडवलेलं नाहीस, तुझा हात मोडलाय. ह्या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो, कारण मी मोडलेले हात पाहिलेत.

चिऊला जवळ घे. उत्तर लगेच टाक, तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

अक्का


ता. २ एप्रिल

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

सही झालेली नाही. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं सावकाश वाचाल. तुमचं पत्र मंगळवारी आलं, पण त्याआधीच सगळं घडून गेलं होतं.

सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी वाद घातला नाही, मीही चपला घातल्या. हे म्हणाले, तुझं तिथे काय काम? मी म्हटलं, कर्ज माझ्याही घरात येणार, ते कुठून येतंय ते मलाही बघू दे.

सावकाराचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली. टेबलावर काच आणि काचेखाली माणसांचे छोटे छोटे फोटो, ओळीने लावलेले. सगळे त्याचे कर्जदार. माणूस अगदी अदबीने बोलला, मला खुर्ची दिली. ह्यांच्यापुढे कागद सरकवला, पेन दिलं. हे डाव्या हाताने सही करायला वाकले, तेवढ्यात तो म्हणाला की तुमचा हात असा आहे, तेव्हा वहिनींचीही सही लागेल, आणि एक फोटो. मी म्हटलं, देते. खरंच देणार होते, वन्सं. ह्यांना एकट्यालाच त्या काचेखाली कसं ठेवायचं? मी पेनासाठी हात पुढे केला.

ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग त्या फोटोंकडे. पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं. म्हणाले, हिचं नाव कुठल्याही कागदावर लागणार नाही. त्याने समजावून पाहिलं, मग आवाज चढवला. हे उठलेच. बाहेर आल्यावर मात्र हे तिथेच टायरच्या थप्पीवर बसले, शेजारी मी. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने आम्हाला भाव सांगितला. मला हसू आवरेना, मग ह्यांनाही, आणि हसता हसता हे रडले.

तसेच औषधांच्या दुकानात गेलो. तिथे पत्ता मिळाला. पालिकेच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर एक सल्लागार बसतात, जाडजूड, सर्दीने बेजार. शिंकत शिंकत त्यांनी उरलेली सगळी पाकिटं कात्रीने फोडली. म्हणाले, ह्यात एकही कागद कोर्टाचा नाही. नुसत्या पत्राच्या जोरावर कुणी घरात शिरून सामान उचलू शकत नाही. कोर्टाचा कागद आला तर मात्र एक दिवसही दडवू नका, तसाच माझ्याकडे आणा. गिऱ्हाइकासमोर ओरडल्याची तक्रार त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतली. आकडा एवढा कसा झाला त्याचा हिशेब कंपनीकडून लेखी मागवला. आणि आधी जेवण, भाडं, वीज, औषधं बाजूला काढा, उरेल तेवढाच हप्ता कबूल करा, थोडा असेल तर थोडा, असं बजावलं.

कर्ज खरं आहे, फेडावं लागणारच, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. टेम्पो विकावा लागेल म्हणाले. त्यावर हे खिशातली टेम्पोची किल्ली चाचपत राहिले. मग त्यांनी सल्लागारांनाच सर्दीवर काढा सुचवला. तेव्हा मी ओळखलं, गाडी रुळावर येतेय.

आता पोटभर जेवा. असाच धाक आणि अशीच माया असू द्या.

तुमची
चिऊ


ता. १८ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे अक्षर उजव्या हाताचं आहे. डाव्याचं बरं होतं म्हणशील, तर म्हण.

कंपनीने आधी आणखी एक अंतिम सूचना पाठवली. आमच्या शिंकऱ्या सल्लागारांनी पुन्हा लिहिलं. मग त्या तक्रारीचं काहीतरी झालं असावं, कारण नंतरचं पत्र साध्या पांढऱ्या पाकिटातून आलं. वरच्या आकारांचा हिशेब त्यांना दाखवता आला नाही, ते रद्द झाले. व्याज थांबलं. हप्ता इतका लहान ठरलाय की भरायला गेलो तर खिडकीतल्या मुलीने दोनदा विचारलं, एवढाच का? एवढाच, म्हटलं. ह्या गतीने फिटेपर्यंत माझी साठी उलटेल. उलटू दे.

टेम्पो गेला. त्या दिवशी जेवलो नाही, हे कबूल करतो. आता सोफे हातगाडीवरून पोचवतो. मी पुढून ओढतो, ही मागून ढकलते. मागे गाड्यांची रांग लागली की ही त्यांना हात दाखवते, जसं काही हिच्यासाठीच रस्ता बांधलाय.

शाळेच्या बाई आल्या नाहीत. शेवटी मीच नमुन्यांची वही घेऊन गेलो. म्हणाल्या, मी समोर दिसले की तुम्हाला तो दिवस आठवेल, म्हणून टाळलं. आणि मी इकडे त्यांना टाळण्यासाठी रोज लांबच्या रस्त्याने जात होतो. खुर्च्यांचं काम मिळालं.

एक गोष्ट हिने तुला कधीच लिहिली नसेल. हात मोडल्यापासून ही झोपत नव्हती. मी कूस बदलली की डोळे मिटून पडायची, मला कळू नये म्हणून. आणि मला कळतंय हे हिला कळू नये म्हणून मी घोरायचं सोंग करायचो. असे आम्ही दोघं कितीतरी महिने एकमेकांना झोपवत होतो.

आज दुकान उघडायची वेळ झाली तरी ही उठेना. घाबरून जवळ गेलो, तर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. चहा करून नेला, पण हाक मारवेना. तो गार झाला, मीच प्यायलो. दुसरा केला, तोही गार झाला. आता तिसऱ्याचं आधण चढवलंय, आणि ही उठेपर्यंत तुला हे लिहीत बसलोय.

पत्र लांबलं तर समजून घे. ही अजून झोपलीच आहे.

तुझा
ठोकळ्या