दुर्गेच्या चोळ्यांचे माप

रविवार, १४ जानेवारी १८९४
दुर्गा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा चालू आहे. बंदरावर उतरली तेव्हा चेहरा ओढलेला. प्रवासाने, म्हणाली. पण चोळी रुतत असावी. श्वास पुरा घेत नव्हती.
तिच्या आईला जाऊन नऊ वर्षे झाली. दुर्गेच्या पाठच्या मुलाच्या बाळंतपणात, आठव्या दिवशी, तापाने. या खेपेला माझ्याकडून काही राहून जायचे नाही. चोळ्यांचे मीच पाहीन. गावाहून माझ्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, बोलावण्याचे कारण नाही. गिरणीच्या कापडगोदामात एकवीस वर्षे काढली आहेत. कापड मला कळते.

बुधवार, १७ जानेवारी
ठाकुरद्वारच्या लहू शिंप्याकडे गेलो. त्याने रीतीप्रमाणे मापाला जुनी चोळी मागितली. दुर्गेकडे मागणे प्रशस्त वाटेना. तिच्या ट्रंकेतून लग्नातली काढून नेली होती. लहूने ती उलटसुलट केली. म्हणाला, भाऊ, लग्नात पोर केवढी होती? म्हटले, तेरा वर्षांची. म्हणाला, आणि आता? म्हटले, माप ते माप. त्याने कात्री कपाळाला लावली व कामाला लागला.

शनिवार, २७ जानेवारी
दोन चोळ्या आल्या. दुर्गा एक घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती जुनीच घालून. म्हणाली, अण्णा, रंग सुरेख आहे. बाकी तक्रार केली नाही; म्हणजे बसली.
सायंकाळी. त्या चोळीच्या बगला उसवलेल्या दिसल्या. लहूचा दोरा कच्चा. दुसरी तिने घडी न मोडता ट्रंकेत ठेवली आहे. सणाला घालायची असेल.

मंगळवार, ३० जानेवारी
माझी जुनी, पुढून बंद बांधायची बाराबंदी सापडत नाही. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. परटाला चांगलेच बोललो. त्याने मुलांच्या गळ्याची शपथ घेतली. माणूस शपथेवर आला की समजावे. दुर्गा मध्येच म्हणाली, जाऊ द्या ना अण्णा, गरीब आहे तो. मन फार कोवळे आहे तिचे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
काल जप करताना सुचले. (जपात असे सुचू नये, पण सुचले.) कोरे कापड धुतल्यावर आटते म्हणून गोदामात सूट धरतात. बाईमाणसाचे अंग या दिवसांत उलट वाढते. तेव्हा सूट दुप्पट धरावी. लहूला तसे समजावले. तो म्हणाला, वाढवू कुठं, छातीला का पाठीला? मी रस्त्यापलीकडच्या देवळाच्या कळसाकडे पाहिले. म्हटले, सगळीकडे.

रविवार, २५ फेब्रुवारी
दीडपट चोळी आली. दुर्गा घालून दारात उभी राहिली. मी पंचांगाकडे पाहत होतो. आमची मासळीवाली तुळसा उंबऱ्यापाशी टोपली उतरून बसली होती. ती खदखदून हसली. म्हणाली, भाऊ, चोली हाय का होडीचं शीड? वारा सुटला तर पोरगी जाईल ना करंज्याच्या बंदराला! दुर्गाही हसली. आल्यापासून प्रथमच हसली, म्हणून मी रागावलो नाही. तुळसा म्हणाली, अरे, पोरीला इचार ना, कुठं लागतंय, कुठं काचतंय. बापाने हे विचारायचे? मी म्हटले, पापलेट शिळे दिसते. ती म्हणाली, पापलेट कालचं नाय, तुजी अक्कल कालची हाय. गेली.
मासळीवाली बदलावी.

शनिवार, २४ मार्च, सकाळी
मुलगा झाला. दोघे सुखरूप. रवळनाथाची कृपा. शेगडीचा धूर फार झाला होता, डोळ्यांना पाणी आले.

बुधवार, २८ मार्च
पाचवीची पूजा. आज दुर्गेला माझ्या निवडीचे पोलके दिले. ऑफिसातल्या हेरंबने सांगितले होते की सुधारलेल्या घरांत आता पुढच्या गाठीची चोळी नाही. पाठीला हुकांचे पोलके. पुढून कसे सपाट, नीटनेटके. (हेरंबचे लग्न व्हायचे आहे, पण वाचन दांडगे.) हिरवा खण, चांगला कडक. दुर्गा ते हातात घेऊन पाहत राहिली. म्हणाली, अण्णा, घडीघडीला पाजायचे, मागचे हुक कोण काढणार? म्हटले, सवय होईल. तुझ्या आईच्या जागी आता मीच. एवढे माझ्यासाठी घाल. ती आत गेली. घातले. अगदी घट्ट बसले. अखेर माप साधले.

शनिवार, ३१ मार्च
बाळ फार रडते. दुर्गा भिंतीकडे तोंड करून निजून असते. विचारले तर म्हणते, काही नाही. पोलके अजून अंगात आहे हे पाहून बरे वाटले.

रविवार, १ एप्रिल, सकाळी ८
दुर्गेला हुडहुडी भरली. अंग फणफणले आहे. सुईण भायखळ्याला दुसऱ्या बाळंतपणाला गेली आहे; निरोप धाडला. आज बाळाचा नववा दिवस. तिच्या आईला आठव्या... नको.
जपाला बसलो. तीन माळा झाल्या. चौथीत मोजणे चुकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकले.

दुपारी १
तुळसा आली. तिला येऊ नको म्हणून सांगायचे राहिले होते. जिन्यावर बाळाचे रडणे ऐकून टोपली दारात टाकून थेट आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, ह्ये हिच्या अंगात कोनी कोंबलं? म्हटले, मी. म्हणाली, पोरीला दूध पूर आल्यावानी हाय, अन् तू बांध घालून बसलास. दगडासारखी गाठ धरलीय. कात्री दे.
कात्री दिली. खण कापला जाताना आवाज बाहेर आला. कापड चांगले होते.
गरम पाणी मागितले. मी ते खळखळा उकळून नेले. ती ओरडली, शेकायचंय रे, भात नाय लावायचा! दुसरे नेले. ते निवले होते. तिसरे चालले.
जिन्यावर जाऊन बसलो. मांजर टोपलीतला बोंबील ओढत होते. नेऊ दिला.

दुपारी ३
सुईण आली. जे चालले आहे तेच करा, म्हणाली. आतून बाळ रडायचे थांबले. मी घाबरून उठलो. तुळसा म्हणाली, बस खाली. पितोय तो.

सोमवार, २ एप्रिल
ताप उतरला. गाठ विरते आहे. एकादशीचा उपास, तसे कालपासूनच काही खाल्ले नाही.
तुळसाचे सांगणे लिहून ठेवतो. अंग महिन्या-महिन्याला बदलते, माप दर वेळी नवे. कापड जुने, मऊ, सुती. आवळणारे काही नको. पुढून सुटणारे हवे. आणि जिच्या अंगात घालायचे तिला विचारायचे. म्हटले, हे आधी का नाही सांगितलेस? तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली.
अक्कांना पत्र घातले. सर्व व्यवस्थित आहे, सहज म्हणून ताबडतोब यावे.

शनिवार, ७ एप्रिल. पाडवा
पहाटे मागच्या गॅलरीत गेलो. दोरीवर माझी बाराबंदी. बंद बाराच्या बारा शाबूत. छातीवर दुधाचे दोन गोल डाग, धुऊनही न गेलेले. गेले दोन महिने त्या परटाला मी काय काय म्हणालो!
दुर्गेला विचारले. मान खाली घालून म्हणाली, पौषापासून घालते आहे, अण्णा. तुमच्या चोळ्या होईनात. पदराखाली हीच असायची. तुम्ही कधी बघतच नव्हता. मधले चार दिवस तेवढी काढली. तुम्ही पोलके घाल म्हणालात ना, माझ्यासाठी.
मी गुढीचा बांबू पुसायला घेतला.
गुढीला खण आणायचा विसरलो होतो. लग्नाच्या मापाची ती दुसरी चोळी ट्रंकेतून काढून बांधली. बांबूला अगदी बेताची बसली. खालून जाताना तुळसा ओरडली, भाऊ, आता जमलं बघ!
पूजा आटोपून आधी परटाची माफी मागितली. तो म्हणाला, सणाला कशाला, उद्या मागा. तिथून लहूकडे. तीन बाराबंद्या सांगितल्या, दोन दुर्गेच्या, एक माझी. त्याने मापाला जुनी मागितली. घरी आलो, तर ती वाळून दुर्गेच्या अंगात.
दारात उभा राहिलो. तीनदा खाकरलो. पंचांगाकडे पाहत विचारले, दुर्गे, कुठे लागते का ग?
म्हणाली, नाही, अण्णा. ही कुठेच लागत नाही. पण मापाला ही नाही द्यायची मी.
लहूकडे परत गेलो, नुसत्या उपरण्यावर. हात वर करून उभा राहिलो. म्हटले, घे माप.